खारा वारा आणि क्रोमचा रॉड

पोकलेनचा सिलिंडर गळायला लागला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किटला किती लागतील?" किट म्हणजे सील किट, रबर आणि प्लास्टिकच्या कड्यांची एक पिशवी. उत्तर द्यायला मी वेळ लावतो. आधी रॉडवरून नख फिरवतो, मग मलमलीचा तुकडा फिरवतो. तो कुठे अडकतोय ते बघतो आणि मगच तोंड उघडतो. कारण सील सहसा आपणहून मरत नाही. कोणीतरी त्याला कापतं, जाळतं, नाहीतर वाकड्या रॉडने एकाच बाजूला दाबून झिजवतं. आमच्या घिवलीत हे काम बहुतेक वेळा समुद्रावरचा वारा करतो.

घिवली हे तारापूर अणुकेंद्राच्या शेजारचं गाव. बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला निघालं की आधी एमआयडीसी लागते, मग भातखाचरं आणि वाड्या, आणि रस्ता संपतो तिथे आम्ही. माझं घर मांगेल्यांचं. वडील डोल जाळ्याच्या मासेमारीवर जायचे, आई बोंबील सुकवायची. हायड्रॉलिक हा शब्द घरात आणणारा मी पहिला. या भागाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तारापूरच्या किल्ल्यावर भरपूर लिहिलं आहे : जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, बाजी भिवराव तिथेच पडले. अणुकेंद्रावर तर त्याहून जास्त लिहिलं गेलं. गळका सिलिंडर उघडून पुन्हा उभा करणाऱ्यांबद्दल मात्र कुठे ओळ सापडत नाही. म्हणून हा खटाटोप.

अणुकेंद्राचा करार अमेरिकेशी झाला ८ ऑगस्ट १९६३ रोजी. जनरल इलेक्ट्रिकने अणुभट्ट्या दिल्या, बांधकामात बेक्टेल होती, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून दोन्ही भट्ट्यांची वीज रीतसर विकली जाऊ लागली. प्रत्येकीची क्षमता तेव्हा २१० मेगावॉट. वडील त्या बांधकामावर काही हंगाम मजुरीला होते. ते दोरीवर चालणाऱ्या खोदयंत्राचं वर्णन करायचे. दोरी म्हणजे वायररोप. ड्रमवर ती गुंडाळली की बकेट वर जायचं, सोडली की खाली पडायचं. त्या काळात देशात खोदकामाची मोठी यंत्रं बहुतेक अशीच होती. टेल्कोने अमेरिकेच्या हार्निशफेगर कंपनीबरोबर साठच्या दशकात जी फावडी बनवायला घेतली, तीही दोरीचीच. बऱ्याच बुलडोझरचं पातंसुद्धा दोरीने उचललं जायचं. दोरी तुटायची, क्लच जळायचा, पण तेल गळायला त्यात सिलिंडरच नव्हता. म्हणजे आमचा धंदा तेव्हा जन्मायचाच होता.

खरं तर तो शंभर वर्षं आधी, शंभर किलोमीटर दक्षिणेला जन्मला होता, हे मला माझ्या उस्तादांमुळे कळलं. उस्ताद मूळचे दारुखान्यातले. माझगावजवळच्या त्या बंदरात जुनी जहाजं तोडायची, आणि तोडलेल्या जहाजांमधले पंप, व्हॉल्व्ह, जॅक तिथल्याच गाळ्यांत विकले जायचे. ते सांगायचे की त्यांच्या उस्तादांनी कापसाच्या प्रेसवर चामड्याचं पॅकिंग घातलं होतं. मला तेव्हा ही थाप वाटली. पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की थाप नव्हती.

१७९५ साली लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपकाराने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व पास्कलचं, दीडशे वर्षं जुनं. एका छोट्या दट्ट्यावर जोर द्या, तो दाब पाण्यातून मोठ्या दट्ट्याला जातो आणि क्षेत्रफळ जितकं जास्त तितकं बळ जास्त. कागदावर सोपं. अडचण एकच होती, मोठा दट्ट्या आणि भांडं यांच्या फटीतून पाणी बाहेर यायचं. फट घट्ट बुजवली तर दट्ट्या हलायचा नाही, सैल ठेवली तर दाब टिकायचा नाही. त्यावर चामड्याची कडी निघाली. आडवी कापून पाहिली तर इंग्रजी यू अक्षरासारखी, तोंड दाबाच्या दिशेला. पाणी त्या तोंडात शिरतं आणि दोन्ही ओठ फाकवून भिंतीला चिकटवतं. दाब वाढला की ती आणखी आवळते, दाब गेला की सैल पडते. ही युक्ती ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेची असं सांगतात. सव्वादोनशे वर्षं झाली, चामडं गेलं, रबर आलं, पॉलियुरेथेन आलं, पण माझ्या बाकावर आज जे रॉड सील पडलंय त्याचा आकार तोच आहे. आणि नवखा पोरगा ते आजही उलटं बसवतो. उलटं बसवलं की मशीन सुरू केल्याबरोबर ग्लँडमधून, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाच्या झाकणातून, तेलाची धार लागते.

मुंबईत हे चामडं आलं ते कापसामुळे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि तो मुंबईतून जात होता. जहाजात जागेचे पैसे पडतात, म्हणून गाठ जितकी दाबून लहान करता येईल तितकी करायची. कुलाब्याला आणि कोटात प्रेस उभे राहिले. विल्यम आर्मस्ट्राँगने इंग्लंडात न्यूकॅसलला १८४६ साली पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन बसवली होती. मुंबईत १८८० साली प्रिन्सेस डॉक उघडला, तिथेही जहाजांतला माल पाण्याच्या दाबाच्या क्रेन उचलत होत्या. या सगळ्यांना पॅकिंग लागायचं, ते चरबीत भिजवलेल्या चामड्याचं असायचं, आणि ते बदलणारे हात मुंबईचे होते. म्हणजे गळती बंद करणारा मिस्त्री हा मुंबईत गिरणी कामगाराइतकाच जुना आहे. त्याचं नाव मात्र कुठल्या लढ्यात नाही.

रबराची गोष्ट निराळी. साधं रबर तेलात फुगतं, म्हणून पाण्याऐवजी तेल वापरायला लागल्यावर सीलवाल्यांची पंचाईत झाली. तिसाच्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारं नायट्राइल रबर निघालं. त्याच सुमारास अमेरिकेत नील्स क्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश माणसाने गोल कडीचं, म्हणजे ओ-रिंगचं काम पुरं केलं. १९३७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्याची सत्तरी उलटून गेली होती. मला हा म्हातारा फार आवडतो. आमच्या धंद्यात साठीनंतर लोक फक्त सल्ले देतात.

आता बोईसर. सत्तरच्या दशकात इथे एमआयडीसी वाढत गेली. कापड, रसायनं, औषधं, पोलाद. त्याच दशकात लार्सन अँड टुब्रोने फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीच्या तंत्रावर इथे खोदयंत्रं बनवायला घेतली, आणि १९७९ मध्ये जेसीबीने एस्कॉर्ट्सबरोबर हरियाणात बल्लभगडला कारखाना काढला. ऐंशीच्या दशकात टेल्को हिताचीबरोबर आली. दोरीची जागा तेलाने घेतली. पूर्वेला सूर्या नदीवर धरण आणि कालव्यांची कामं, नागझरीकडे काळ्या दगडाच्या खाणी, सगळीकडे कारखान्यांचे पाये. मशीन इथे आलं की इथेच राहायचं. एक काम संपलं की दुसऱ्याचा ठेकेदार घेऊन जायचा.

मी फिटर होऊन बोईसरला लागलो ते याच काळात. उस्तादांनी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली होती. एक लेथ, एक वेल्डिंगचा सेट, आणि जमिनीत सिमेंटने रोवलेले दोन जाड लोखंडी कान. त्या कानांत सिलिंडरचा डोळा पिनने अडकवायचा, आणि पिस्टनचा नट सोडवायला पान्यावर दोन माणसांच्या उंचीचा पाइप चढवायचा. पाइपाच्या टोकाला आम्ही तिघे लोंबकळायचो. आजही मोठा नट उघडताना बघायला रस्त्यावरची माणसं थांबतात.

तेव्हाची खरी अडचण सामानाची होती. आयातीवर परवान्यांचा काळ होता, परदेशी मशीनचं सील मागवलं तर महिने जायचे, आणि मशीन बंद म्हणजे ठेकेदाराचं भाडं बुडालं. म्हणून आम्ही सील शोधत नव्हतो, करत होतो. पहिल्या शटलने मुंबई गाठायची, नागदेवी स्ट्रीटवर मापाचं काही मिळतं का बघायचं. मिळालं नाही तर जवळच्या मापाचं घ्यायचं आणि ग्लँडचा खाचा लेथवर त्याला जुळवून घ्यायचा. बॅकअप रिंग टेफ्लॉनच्या गजातून कापायची. जुन्या सीलला मरणाचं कारण विचारायचं ही सवय उस्तादांनी तिथेच लावली. एका बाजूला झिजलंय? रॉड वाकलाय किंवा बुश गेलेत. ओठ कडक होऊन चिरलाय? तेल तापतंय. उभे ओरखडे? तेलात दगडाची पूड आहे, टाकी धुवा. आडवे, लहान, एकाच पट्ट्यात कुरतडल्यासारखे काप? मग रॉडकडे जा, तिथे काहीतरी धारदार आहे.

हे शेवटचं आमच्याकडे सर्वात जास्त दिसतं. त्याचं कारण समजून घ्यायला मला बराच काळ लागला, कारण नागझरीच्या खाणीवरचं आणि आमच्या किनाऱ्यावरचं मशीन एकाच कंपनीचं, एकाच वयाचं असूनही गळती निराळी यायची. खाणीवर धुळीने सिलिंडरच्या ट्यूबला रेघा पडायच्या. किनाऱ्यावर रॉड सडायचा.

रॉड पोलादाचा असतो आणि त्यावर हार्ड क्रोमचा थर असतो. नव्या रॉडवर तो वीस-तीस मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून पातळ. चमकतो म्हणून आपण समजतो की हे भक्कम कवच आहे. पण हार्ड क्रोम घडतानाच त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, तो त्याचा स्वभाव आहे. मशीन रोज चालतं तेव्हा रॉड आतबाहेर होतो आणि तेलाची पातळ साय त्या भेगा झाकून ठेवते. मशीन उभं राहिलं की साय वाळते. मग खारी दमट हवा भेगेतून खाली उतरते, पोलादाला गंज चढतो, गंज फुगतो आणि वरचा क्रोम टवका होऊन उडतो. उरतो तो तांदळाच्या कणीएवढा खड्डा, कडा ब्लेडसारख्या. आम्ही त्याला पिटिंग म्हणतो. पुढे प्रत्येक फेरीला तो खड्डा सीलचा ओठ थोडा थोडा खरवडतो. नवं किट टाका, पंधरवड्यात पुन्हा गळेल. मालक म्हणतो किट डुप्लिकेट होतं. कधी असतंही. बहुतेक वेळा किट खरं असतं.

आणि मशीन उभं कधी राहतं? पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर माती ओली, कामं बंद, मशीन माळावर. चालक बकेट जमिनीवर टेकवून, बूमचे, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताचे, रॉड अर्धे बाहेर ठेवून घरी जातो. त्याच महिन्यांत आमच्या होड्याही वर ओढलेल्या असतात. पण होडीवर झाप घालतात. माझ्या लहानपणी वडील लाकडाला मुशीचं तेल चोळायचे, सगळ्या आळीला वास यायचा. लाखो रुपयांच्या मशीनच्या उघड्या रॉडवर मूठभर ग्रीस फासायला कोणाला सुचत नाही. म्हणून दसऱ्यानंतर माझ्या दारात रांग लागते. माझा हंगाम नारळी पौर्णिमेला नाही, दसऱ्याला सुरू होतो.

खड्ड्यांवरचे इलाज काळाप्रमाणे बदलले. खोल आणि जास्त असतील तर रॉड वसईला किंवा मुंबईला पाठवायचा, जुना क्रोम काढून ग्राइंडिंग, नवा थर, पुन्हा ग्राइंडिंग. एखाददुसरा खड्डा असेल तर उस्ताद वेगळी वाट धरायचे. चिंचणी, वरोर, वाणगावकडे दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर हाताने इतकी बारीक नक्षी कोरतात की भिंग लावून बघावी. त्यांच्यातल्या एकाशी उस्तादांची दोस्ती होती. तो यायचा, खड्डा कोरून स्वच्छ करायचा, चांदीच्या डाकाने भरायचा आणि ऑइल स्टोनने घासून असा सपाट करायचा की नख अडकायचं नाही. क्रोमवर चांदीचा एक ठिपका तेवढा दिसायचा. सोन्याच्या बांगडीचा डाय करणारा माणूस पोकलेनच्या रॉडवर बसलेला मी पाहिला आहे. पैसे न घेता, चहावर. आता त्याच जागी लोक दोन नळ्यांचा इपॉक्सी भरतात. तोही काही महिने टिकतो, नाही असं नाही.

क्रोमबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण आमच्या गावाला ते टाळता येत नाही. हार्ड क्रोमच्या टाकीत हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असतं, ते विष आहे. तारापूर एमआयडीसीत विषं त्याच्यापलीकडेही पुष्कळ आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या मोजलेल्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वरचा निघाला, ९३.६९. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्याआधीच हरित लवादात गेली होती. सांडपाण्याची पाइपलाइन नवापूरला समुद्रात सुटते. माझ्या शेडमधलं जळकं तेल मी पिंपात साठवून देतो, एवढंच माझ्या हातात आहे. पूर्वी सगळेच ते मातीत ओतायचे, आम्हीही.

आता थोडं भांडणाबद्दल, म्हणजे बूम बसण्याबद्दल. बाहेरची गळती दिसते, तिच्यावर वाद होत नाही. वाद होतो तो आतल्या गळतीवर. बूम उचलून ठेवला, इंजिन बंद केलं, आणि तो हळूहळू खाली यायला लागला. सगळे म्हणतात, पिस्टनचं सील गेलं, सिलिंडर उघडा. यात मी मालकांचे पैसे वाचवले आणि स्वतःचे घालवले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

समजा, बूमच्या सिलिंडरचा बोअर १२० मिलिमीटर आहे आणि रॉड ८५ चा. वजनामुळे रॉड आत ढकलला जातोय. पिस्टनचं सील पार फाटलंय असं धरा. खालचं तेल सीलमधून वर जाईल. पण वर जागा कमी आहे, कारण तिथे रॉडही आहे. रॉड एक सेंटिमीटर आत यायचा तर सुमारे ५७ घनसेंटिमीटर तेलाला सिलिंडरच्या बाहेर जायलाच हवं. दोन्ही नळ्या पलीकडे व्हॉल्व्हने घट्ट बंद असतील तर ते जाणार कुठे? दोन्हीकडचा दाब वाढेल आणि रॉड थोडा सरकून थांबेल. म्हणजे बूम सतत बसत असेल तर तेल व्हॉल्व्हमधून निसटतंय. व्हॉल्व्हचा स्पूल झिजलाय, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय, किंवा लोड धरणारा व्हॉल्व्ह बसत नाहीये. सिलिंडर बिचारा निर्दोष. आर्मचं, म्हणजे बूमच्या पुढच्या हाताचं, उलट आहे. आर्म पुढे पसरून धरला की वजनाने त्याचा रॉड बाहेर ओढला जातो. तिथे सील गेलं असेल तर तेल रॉडच्या बाजूने मागे सरकतं, मागे पोकळी तयार होते आणि आर्म झुकतो. तिथे सीलवर संशय घ्यावा. रॉडवर खडूने खूण करून दहा मिनिटं थांबायचं, मग सिलिंडरच्या नळ्या सोडून प्लग लावायचे आणि पुन्हा दहा मिनिटं. एवढं करायला पाने आणि धीर लागतो, बाकी काही नाही. उस्तादांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हे गणित ते जमिनीवर काडीने काढून दाखवायचे.

प्लग लावताना आणि नळ्या सोडताना आधी बकेट जमिनीवर. इंजिन बंद करून लिव्हर चारी दिशांना हलवायचे, टाकीचं झाकण सैल करून हवा सोडायची. वीस टनी मशीनमध्ये दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोपर्यंत जातो, ट्रकच्या टायरमध्ये तो सात-आठ असतो. १२० च्या पिस्टनवर त्याचं बळ होतं चाळीस टनांच्या आसपास. होजला सुईच्या अग्राएवढं छिद्र पडलं तर तेल दिसतही नाही, नुसतं धुकं दिसतं, आणि ते धुकं कातडी भेदून बोटात शिरतं. दुखत नाही फारसं, म्हणून माणूस घरी जातो, आणि दुसऱ्या दिवशी बोट वाचवायला उशीर झालेला असतो. गळती पुठ्ठ्याने शोधावी. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिलं काम पुठ्ठा कापण्याचं देतो.

१९९१ नंतर परवाने गेले आणि आमची कारागिरी निम्मी झाली. किट पिशवीत आलं. मग पॉलियुरेथेन आलं, ते घासायला चिवट, पण गरम तेलात पाणी मिसळलं की काही जातींचं पॉलियुरेथेन चुरा होतं. पावसात टाकीच्या झाकणातून पाणी जातं, तेल दुधाळ दिसायला लागतं, आणि बिनघासलेलं सीलसुद्धा बोटाने तुटतं. मग सीलचे साचे न लावता थेट गजातून सील कापून देणारी सीएनसी मशीन मुंबईत आली. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल सुटू लागली. सकाळी माप फोनवर पाठवलं की संध्याकाळी पोरगा सील घेऊन येतो. लेथवर खाचा जुळवायची गरज उरली नाही. याचं मला वाईट वाटत नाही. टेफ्लॉनच्या पिस्टन रिंगला गरम तेलात सैल करून चढवताना बोटं भाजणं हे कोणाच्या हौसेचं काम नसतं.

एक गोष्ट मला अणुकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका इंजिनियरने सांगितली, ती इथे नोंदवतो. पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. त्यांत नियंत्रण सळया खालून वर जातात, आणि त्यांना ढकलतात ते पाण्याच्या दाबावर चालणारे पिस्टन. त्या पिस्टनांनाही सील असतात, रबराचे नाहीत, कार्बनचे. ते झिजतात, आणि भट्टी इंधन बदलायला थांबली की काही काही ड्राइव्ह काढून दुरुस्त करतात. म्हणजे ज्या भिंतीच्या अलीकडे मी आयुष्यभर सिलिंडर उघडले, तिच्या पलीकडे देशातले सगळ्यात जपलेले सिलिंडर होते. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेचं मन फिरलं, इंधन अडलं, सुटे भागही दुर्मीळ झाले, आणि तिथल्यांनीही पुष्कळ काही इथेच घडवलं. हे ऐकून मला त्या लोकांबद्दल पहिल्यांदा बंधुभावासारखं काही वाटलं. कुंपणाबद्दल तसं वाटत नाही. पुढे ५४० मेगावॉटच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. ती गावं माझ्या ओळखीची होती. पाये खणणारी मशीनंही माझ्या ओळखीची होती, त्यांतल्या काहींचे बकेट सिलिंडर माझ्या बाकावर आले होते.

आता पुन्हा तेच चालू आहे. बुलेट ट्रेनचे खांब, एक्स्प्रेसवे, आणि वाढवण. वाढवणचं बंदर १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं, न्यायमूर्ती धर्माधिकारी तेव्हा अध्यक्ष होते. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. १९ जून २०२४ ला केंद्राने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडणार आहे. माझा भाऊ मासेमारीवर आहे, तो विरोधाच्या प्रत्येक मोर्चाला जातो. किनाऱ्यावर बंद पाळतात त्या दिवशी माझंही शटर खाली असतं. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं की दारात हायवा ट्रक उभा असतो, त्यात एक सिलिंडर. भाऊ एकदा म्हणाला, तू निदान त्यांचे तरी नको करू. मी म्हटलं, मी नाही केले तर बोईसरला दहा जण आहेत. हे उत्तर त्याला पटलं नाही, मलाही पुरतं पटलेलं नाही, पण पोरांचा पगार त्यातून निघतो.

या नव्या मशीनांचे मालक मोठे आहेत. ते सिलिंडर उघडत नाहीत, कंपनीच्या माणसाला बोलावतात, तो जुना नेतो आणि नवा किंवा दुरुस्त केलेला लावून जातो. आमच्याकडे येतात ती तिसऱ्या-चौथ्या हातातली, छोट्या ठेकेदारांची, हप्त्यावर घेतलेली. गेल्या हंगामात अशा एकाला सांगितलं की काम किनाऱ्यालगत असेल तर क्रोमखाली निकेलचा थर दिलेला रॉड करून घे, समुद्रावरच्या यंत्रांना तसे लावतात, महाग पडेल पण टिकेल. त्याने हप्ता किती आणि डिझेल किती ते सांगितलं. मग आम्ही जुन्याच रॉडचे दोन खड्डे भरले, नवं किट टाकलं, आणि रोज संध्याकाळी सगळे सिलिंडर आत घेऊन मशीन उभं करायला त्याच्या चालकाला शिकवलं. बूमचे पूर्ण आत जात नाहीत, बकेट आधी टेकतं, म्हणून उरलेल्या भागाला ग्रीस आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. चालक झारखंडचा होता, हुशार. पट्टी बांधायची गाठ त्याने माझ्यापेक्षा बरी मारली.